धूळ म्हणून पुसलेली नावं

शारजा,
१२ जानेवारी २०२५

चि. शैलेंद्र,

आशीर्वाद लिहिणार नाही. 'चि.' हाताच्या सवयीने आलं, ते खोडत नाही एवढंच.

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवणार आहे, म्हणजे पुण्यात तुला सही करून घ्यावं लागेल आणि मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही. मागच्या आठवड्यात चौकशीला गेले तेव्हा पोस्टातल्या माणसाने विचारलं, "मॅडम, इंडिया को लेटर? अंदर डॉक्युमेंट है क्या?" म्हटलं, "नहीं, झगडा है." त्याने मान डोलावून फॉर्म पुढे सरकवला.

पंधरा दिवसांपूर्वी अवनी तिच्या जाहिरात कंपनीसाठी कोणी फ्रीलान्सर मिळतो का ते लॅपटॉपवर शोधत होती. मी भाजी निवडत होते. एकदम ओरडली, "मम्मा, धिस इज शैलूमामा, नो? ही इज सो गुड." तुझं शोरील. जुन्या फिल्म साफ करून दिल्याचे नमुने, खाली छान संगीत. सव्वा मिनिट होईपर्यंत मलाही बरं वाटत होतं, हे कबूल करते. भाऊ आहेस.

मग ते चार सेकंद आले. पडदा मधोमध चिरलेला, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे गल्ली, बाल्कन्या, बाल्कन्यांत बायका, आणि हवेत शेकडो कागद. उजवीकडे त्याच बाल्कन्या, त्याच बायका, आणि हवेत काही नाही. खाली पिवळ्या अक्षरांत 'डर्ट रिमूव्हल'.

धूळ म्हणालास तू त्याला. पुसलीस ती पुसलीस, वर गिऱ्हाइकं मिळवायला दुकानाच्या काचेत लावलीस. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की अवनीने लॅपटॉप उचलून आत नेला.

तुला माहीत असलेलंच परत सांगते, कारण तू ते विसरायचं ठरवलेलं दिसतंय. ती सोळा एमएमची फिल्म एमानच्या वडिलांनी काढली होती. लेबनॉन, १९८४, यादवी युद्ध ऐन भरात. वडील लग्नाच्या फिल्म काढायचे. त्यांच्या गल्लीतले पुरुष नाक्यानाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी उचलून नेले होते, एमानचा एकोणीस वर्षांचा भाऊसुद्धा. कुठे नेलं, कोणी नेलं, विचारायला कचेरी नव्हती. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी चिठ्ठ्या लिहिल्या: नाव, बापाचं नाव, वय, कुठल्या नाक्यावरून नेलं. एका शुक्रवारी सगळ्यांनी मिळून त्या बाल्कन्यांतून खाली सोडल्या. समोरच्या गच्चीवरून वडिलांनी ते टिपलं. अठ्ठेचाळीस सेकंद. पुढे घर जळलं, कागद जळले, आई-वडील गेले. लढाई संपल्यावर कायदा करून बहुतेक सगळ्यांना माफी देऊन टाकली. त्या मुलांना कोणी उचललं याचा कागद एमानने किती कचेऱ्यांत मागितला, तिलाच ठाऊक. तिच्याकडे उरला तो पुरावा म्हणजे ही फिल्म, आणि ती तिने आपण दोघं काम करत होतो त्या लॅबच्या हातात दिली.

आणि तू ऑटोमॅटिक सफाई लावून चहा प्यायला गेलास.

ते सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम ताडून बघतं. मधल्या फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, ती धूळ, असं धरून पुसून टाकतं. उडता कागद प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो. म्हणून पाऊस, ठिणग्या, पाखरं असली की ते बंद करून हाताने काम करायचं. हे तुला मी शिकवलं होतं. त्या नागपूरच्या लग्नाच्या फिल्ममधल्या अक्षता पुसल्या गेल्या होत्या, सगळं वऱ्हाड नुसतेच हात उडवत होतं, आठवतं? आपण पोट धरून हसलो होतो. मी म्हटलं होतं, शैलू, हसून घे, पण हे परत होता कामा नये.

आता कामाचं. लॅबमधला मूळ स्कॅन मंजुरीनंतर सात दिवसांनी नियमाप्रमाणे उडवला गेला. रीळ कुजून व्हिनेगरचा वास मारणारं, आकसलेलं होतं, एकदाच कसंबसं स्कॅनरमधून गेलं आणि फाटलं. आता ते डब्यात चिकटून बसलंय. म्हणजे तुझ्या शोरीलमधली डावी बाजू फक्त मूळ स्कॅनमधून येऊ शकते. तू तो हार्ड ड्राइव्हवर घरी नेलास. नियम मोडलास त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

१३ एप्रिलला त्यांच्या युद्धाला पन्नास वर्षं होतात. एमान अबुधाबीच्या तिच्या फ्लॅटमध्ये त्या गल्लीतल्या, आता इथे-तिथे पांगलेल्या तीसेक माणसांना बोलावून फिल्म दाखवणार आहे. त्यातले बरेचसे सत्तरीच्या पुढचे आहेत, परत जमतील याचा भरवसा नाही. त्यांना काय दाखवायचं, तुझी उजवी बाजू?

ड्राइव्ह पाठव. १० एप्रिलच्या आत.

सुचित्राताई


शारजा,
१९ फेब्रुवारी २०२५

शैलेंद्र,

माझ्या पत्राला उत्तर द्यायला तुला सतीशचा फोन सापडला. आम्ही दोघं दुबईहून परत येत होतो, नेहमीसारखे रस्त्यात अडकलेलो, गाडी तासभर जागची हलली नव्हती. सतीशने मेसेज मोठ्याने वाचला. "भावजी, ताईला सांगा, तो स्कॅन माझ्याकडे नाही. जुनं उगाळणं आता बंद करा म्हणावं. आणि सही कोणाची होती तेही आठवायला सांगा." वाचून झाल्यावर त्याने रेडिओ लावला. मी बंद केला. तो म्हणाला, "सुची, खलास कर आता. दोन वर्षं झाली." मी उरलेला रस्ता त्याच्याशी बोलले नाही. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

स्कॅन नाही म्हणतोस. मग ते चार सेकंद काय स्वप्नात पडले तुला?

आणि जुनं उगाळणं. हे वाक्य तुझ्या तोंडी नवीन नाही. नाना गेले त्या वर्षी मी म्हटलं होतं, त्यांच्या तुरुंगातल्या दिवसांबद्दल कोणीतरी काहीतरी नोंदवून ठेवायला हवं होतं, तेव्हाही तू हेच म्हणालास. तुझं बरं आहे. तू जन्मलास अठ्ठ्याहत्तरमध्ये. आणीबाणी तुझ्यासाठी इतिहासाच्या पेपरातला दोन मार्कांचा प्रश्न. मी पाच वर्षांची होते. नाना सभेत बोलले म्हणून पोलीस जुलैत घरी आले, आणि शाळेतला मास्तर एकोणीस महिने नाशिकरोडच्या तुरुंगात गेला. कधी सुटणार ते आईला सांगायला कोणी बांधील नव्हतं. सुटून आले त्या दिवशी दारात दाढीवाला माणूस बघून मी शेजारच्या ठकुबाईंकडे पळाले आणि त्यांच्या पलंगाखाली लपले. नानांनी मला बाहेर काढलं नाही. ओट्यावर बसून राहिले, मी आपणहून येईपर्यंत. जेवायची वेळ टळून गेली.

त्यानंतर ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या एकोणीस महिन्यांचा आपल्याकडे एक फोटो नाही, एक चिठ्ठी नाही. मी गेले की तेही गेलं, कारण तुला ते नकोच आहे. आपल्या घरावर आलं ते एमानच्या मानाने काहीच नव्हतं, हे मला कळतं. आपला माणूस परत आला. पण ज्या घरातून माणूस नेला गेला त्या घरातला तू मुलगा आहेस, आणि तुला बाल्कनीतून पडणारा कागद कचरा वाटतो, याचा मला राग येतो. नुसता राग नाही, लाज वाटते.

आता सही. हो, माझी होती. लॅबमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फिल्मची शेवटची तपासणी माझी. त्या आठवड्यात माझ्याकडे अकरा फिल्म होत्या, डोळे चुरचुरत होते, मी दुप्पट वेगाने बघितली असेल. माणूस आहे, सुटतं कधीतरी. एमान बघायला आली, अर्ध्यात उठून पडद्याजवळ गेली आणि बायकांच्या हातांवर बोट ठेवून म्हणाली, "सुचित्रा, कागद कुठे आहेत?" तेव्हा मॅनेजरने विचारलं, सफाई कोणी केली. मी तुझं नाव सांगितलं. खोटं सांगितलं का? त्यांनी तुझा व्हिसा कॅन्सल केला तो काही मी केला नाही.

ड्राइव्ह पाठव, शैलेंद्र.

सुचित्राताई


शारजा,
१८ मार्च २०२५

शैलेंद्र,

पाच दिवसांपूर्वी एमानने इफ्तारला बोलावलं होतं. आम्ही तिघं अबुधाबीला गेलो. तिने खजूर पुढे केले, मसुराचं सूप केलं होतं, अवनीला स्वतःच्या शाळेतल्या मुलींच्या गमती सांगितल्या. एमान अरबी शिकवते तिथे, साठीला आली तरी सोडत नाही. जेवणं झाल्यावर मला मायेने म्हणाली, "हबीबती, तुझ्या भावाला वाईट वाटतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही, तो बोलत नाही.

ती म्हणाली, "आमच्याकडे लढाईनंतर मी खूप जणांना भेटले. गाडी चालवणारा म्हणाला, मी फक्त गाडी चालवली. नाक्यावरचा म्हणाला, मी फक्त ओळखपत्रं बघितली. दार उघडणारा म्हणाला, मी फक्त दार उघडलं. मला अजून एकही माणूस असा भेटला नाही, ज्याने पूर्ण काम केलं."

मी खजुराची बी तोंडातच धरून बसले होते. मी तिला काय सांगितलंय, माहीत आहे? तुझं नाव. मी फक्त तपासणी केली.

मागच्या पत्रात लिहिलेलं खरं नाही. मी दुप्पट वेगाने बघितली नव्हती. नीट बघितली. बायका हात पुढे काढून बोटं उघडत होत्या आणि त्यांतून काही पडत नव्हतं. खाली माणसं वर बघत होती. एक म्हातारा वाकला आणि त्याने जमिनीवरून कागद उचलला, कारण पडून राहिलेले कागद सॉफ्टवेअरने पुसले नव्हते, जागचे हलत नव्हते ना ते. वरून काहीच आलं नाही आणि खाली रस्ता कागदांनी भरला. मी थांबवलं, मागे नेलं, परत बघितलं. मला नागपूरच्या अक्षता आठवल्या. शैलू, मला तिथल्या तिथे कळलं होतं.

नापास केली असती तर तीन दिवसांचं हातकाम निघालं असतं आणि कारणाच्या रकान्यात तुझं नाव लिहावं लागलं असतं. नोकरी पक्की व्हायची तुझी सहा महिन्यांची मुदत त्याच गुरुवारी संपत होती. मीच तुला आणलेलं, आमच्या हॉलमध्ये तू राहायचास, आईला रोज फोनवर सांगत होते की शैलू आता मार्गी लागला. मला वाटलं, म्हातारी बाई आहे, जुनी फिल्म आहे, लढाईत कोण कोणाचं काय बघतंय. हे अगदी याच शब्दांत वाटलं. मी सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'उत्तम, धूळ शून्य'.

आणि दोन आठवड्यांनी मॅनेजर समोर उभा राहिला तेव्हा तुला वाचवायला केलेली ती सही मी गिळली आणि तुझं नाव पुढे केलं. चार दिवसांत तुझा कारभार आटोपला. एअरपोर्टवर तू विचारलंस, "ताई, तुला खरंच दिसलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. तू बॅग उचलून वळलास, मला नमस्कार न करता. दोन वर्षं मी तुझ्या त्या न केलेल्या नमस्कारावर चिडून होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हण हवं तर.

म्हणून माझ्यावर डूख धर, धरच. मला शोभतं ते. पण तो माझ्यावरच काढ. ती मुलं बंदूकवाल्यांनी एकदा पुसली, तू आणि मी मिळून दुसऱ्यांदा. आता तू ड्राइव्ह कपाटात ठेवून बसलास तर तिसऱ्यांदा तू एकटा असशील, तेव्हा माझ्या सहीकडे बोट दाखवता येणार नाही.

आणि म्हणून माझा राग गेलाय असं समजू नकोस. ते चार सेकंद तू लावलेस, ते मी नाही लावले.

हे सगळं एमानला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतेय, कारण नोकरी तुझी गेली.

सुचित्रा


शारजा,
१४ एप्रिल २०२५

शैलेंद्र,

ड्राइव्ह एक तारखेला मिळाला. जुन्या टी-शर्टात गुंडाळलेला, आत चिठ्ठी नाही. ठीक आहे. शोरीलमधून ते चार सेकंदही काढलेस, अवनीने बघितलं.

मी आठ दिवस रजा घेतली. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे अकराशे बावन्न फ्रेम. एकही साफ केली नाही. ओरखडे, डाग, केस, सगळं ठेवलं. एमान रोज बसने येऊन माझ्याशेजारी बसायची आणि मी एकेक फ्रेम पुढे करायची. कागद गिरक्या घेत येतात, बहुतेक वेळा पाठच दिसते किंवा कडा. ज्यांवरचं नाव वाचता येतं असे एक्केचाळीस निघाले. पाचव्या दिवशी तिच्या भावाचा निघाला. फक्त दोन फ्रेम. मला अरबी वाचता येत नाही, मी पुढे जाणार होते, तिने माझं मनगट पकडलं. बराच वेळ बघून म्हणाली, "मामाने घाईत लिहिलंय." मामा म्हणजे तिची आई. मग म्हणाली, "कॉफी दे."

कॉफी दिली आणि तेव्हाच सांगितलं. मला दिसलं होतं, मी जाणून सही केली, भावाला वाचवायला केली आणि मग भावालाच पुढे केलं. एमान उठून उभी राहिली. सुरुवातीला इंग्रजीत बोलली, मग अरबीत, मोठमोठ्याने. शब्द मला कळत नव्हते. सतीश आतून धावत आला तर त्याला हाताने थांबवलं. पर्स उचलून ती निघून गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने आली. बसायच्या आधी म्हणाली, "आमच्याकडे एका कायद्याने माफ करून टाकलं. कोणाचंच नाव कुठे लिहिलं नाही. माझ्या फिल्ममध्ये लिहायचं. तुमची दोघांची नावं, आणि तुम्ही काय केलंत ते." मी म्हटलं, माझं एकटीचं लिही, भावाने ड्राइव्ह पाठवलाय. ती म्हणाली, "तेही लिही. पण नाव लिही. बापाच्या नावासकट, आम्ही तसंच लिहितो."

मी टाइप केलं, तिने अरबीत केलं. 'हे कागद धूळ म्हणून पुसणारा: शैलेंद्र केशव राजहंस. मूळ स्कॅन त्यानेच जपला आणि परत दिला. पुसलेलं दिसूनही मंजूर करणारी: सुचित्रा केशव राजहंस.' दोनदा 'केशव' लिहिलं. नानांचं नाव आयुष्यात पडद्यावर आलं ते असं. तुझी परवानगी घेतली नाही, घेणारही नव्हते. चिडशील, चीड.

काल दुपारी चारला सगळे जमले. चौतीस माणसं, सोफ्यावर, खाली गालिच्यावर, जेवणाच्या खुर्च्यांवर. एक जण जबल अलीहून कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आला होता, छातीवर गोदामाचा बिल्ला. आधी फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली. कागद पडले. मग एमानने एकेक चिठ्ठी थांबवून दाखवली. पहिलं नाव पुढे बसलेल्या बाईने वाचलं, दुसऱ्या नावापासून सगळी खोली एकत्र वाचायला लागली. कोणी रडलं नाही. चिडून वाचत होते, दारात उभं राहून घरमालकाला हाक मारावी तसे. भावाचं नाव आलं तेव्हा एमानही त्यांच्यातच वाचत होती, तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही.

एक्केचाळीस झाली आणि आपली पाटी आली. ते थांबले नाहीत. तुझं नाव अडखळत वाचलं, नानांचं वाचलं, मग माझं, मग परत नानांचं. त्याच आवाजात.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारे होते, डोळ्यांनी अधू. त्यांना पाटी दिसत नव्हती, फक्त नावं ऐकत होते. त्यांनी एमानला काहीतरी विचारलं. मी शेजारणीला विचारलं, काय म्हणाले? ती इंग्रजीत हळूच म्हणाली, "विचारताहेत, ही शेवटची दोन मुलं कोणाची? कुठल्या नाक्यावरून नेली?"

एमानने माझ्याकडे बघितलं. उत्तर तिने माझ्यासाठी ठेवलं होतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, आम्हाला कोणी नेलं नाही.

सुचित्रा